झिलई कुणासाठी?

रायफलची नळी चकचकीत असली तर सावज बिचकतं का, हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या बॅरेकमध्ये उगवतोच. नवी पोरं मोबाइलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघतात. तिकडे मॅट फिनिश, स्टेनलेस आणि जुनं निळसर ब्लूइंग यांवर लोक अगदी हमरीतुमरीवर येऊन भांडतात. मग जेवणाच्या रांगेत माझ्याकडे निवाडा मागितला जातो. आपल्याकडे शिकार कायद्यानं बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून हौसेची शिकार करायची वाटही उरली नाही. त्यामुळे प्रश्नाचं उत्तर रानात जाऊन तपासता येणार नाही, पण इतिहासात तपासता येतं. आणि त्यासाठी माझी सध्याची नेमणूक ज्या गावात आहे, त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

रिसाली हे नाव ऐकलं की फौजी माणसाला रिसाला आठवतो. इथं घोडा औषधालाही सापडायचा नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपला लागलेली ही वस्ती. रुंद रस्ते, जुनी क्वार्टर्स, भरपूर झाडं. सोव्हिएत रशियाशी करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्याच्या आधी हा दुर्ग जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. त्याहीआधी १७४१ च्या स्वारीपासून १८५४ पर्यंत छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा हात होता. आजही इथं गल्लीगल्लीत मराठी घर सापडतं. सांगायचा मुद्दा असा, की इंग्रजी अमदानीत ज्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'च्या जंगलात शिकार करायला जगभरातून माणसं यायची, ते जंगल इथून चारी दिशांना पसरलेलं होतं, आणि त्याचे नियम नागपुरात ठरत. रानाचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत आणि परवाना घेऊन साहेब लोक त्यात उतरत.

आधी झिलई म्हणजे काय ते थोडक्यात. पोलादाला दोन तऱ्हेचा गंज चढतो. एक लाल, पापुद्रे सुटणारा, धातू खात आत जाणारा. दुसरा काळा, पृष्ठभागाला घट्ट चिकटून बसणारा. जुने कारागीर नळीवर आम्लाचं पाणी फिरवून ती दमट पेटीत ठेवत, मुद्दाम लाल गंज आणत, मग नळी उकळत्या पाण्यात बुडवत. लाल गंज काळा व्हायचा. बारीक तारेच्या ब्रशनं घासायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. असं सहा-सात वेळा केलं की नळीला तो खोल निळा-काळा रंग येई. उकळणं गाळलं तर तपकिरी रंग राहायचा. पुढं कारखान्यांनी कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंशांच्या उकळत्या द्रावणात बुडवायची पटकन होणारी पद्धत आणली. फौजेनं फॉस्फेटचा करडा, खरखरीत थर पसंत केला, कारण तो खरखरीतपणा तेल धरून ठेवतो.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चकाकी रंगाची नसते, रंगाखालच्या घासकामाची असते. हा थर मायक्रॉनच्या हिशेबात मोजावा इतका पातळ. त्याच्याखालचं पोलाद आरशासारखं घासलेलं असेल तर काळी नळीसुद्धा उन्हात लखलखते. खाली वाळूचा मारा करून खरखरीत केलेलं असेल तर स्टेनलेसही मंद दिसतं. म्हणजे 'काळी बरी की पांढरी' हा वादच थोडा चुकीच्या जागी घातला जातो.

आता इतिहासात मागं जाऊ. आपल्याकडची तोड्याची बंदूक आठवा, म्हणजे तोडेदार. राजेरजवाड्यांच्या तोडेदारांची नळी वळणाच्या पोलादाची, आम्लानं उठाव दिलेल्या लाटा तिच्यावर, आणि तोंडापाशी व मागच्या बाजूला कोफ्तगिरीचं सोनं. कोफ्तगिरी म्हणजे पोलादावर बारीक ओरखडे काढून त्यात सोन्याची तार ठोकून बसवणं. आता अशी बंदूक उन्हात धरली तर आरसा दाखवल्यासारखंच. अकबराच्या आवडत्या बंदुकीचं नाव 'संग्राम'. चितोडच्या वेढ्यात जयमलला लागलेली गोळी तिचीच असं सांगतात, आणि तिनं मारलेल्या जनावरांची संख्या 'आईन-ए-अकबरी'त हजाराच्या वर दिली आहे. दरबारी हिशेबातून चार आणे कापून घेतले तरी बारा आणे उरतातच.

पण माझ्या मते सोन्यापेक्षा मोठा पुरावा तो तोडा आहे. ही बंदूक घेऊन निघालेला शिकारी हातात जळती वात घेऊन रानात शिरायचा. सोऱ्यात भिजवलेली दोरी, तिचं टोक धुमसतंय, तिचा वास येतोय, अंधारात ठिणगी दिसतेय. एकोणिसाव्या शतकातही मध्य भारतातले गावोगावचे शिकारी हीच बंदूक बाळगून होते, आणि त्यांच्यावाचून साहेबांचं पान हलत नव्हतं. वाऱ्याची दिशा धरून, पाणवठ्याच्या बाजूला तासन्‌तास न हलता बसून ही माणसं चितळ-सांबर पाडत. धुमसती वात ज्याला आडवी आली नाही, त्याला नळीच्या चकाकीनं काय होणार होतं?

कोल्हापूरची गोष्ट मला याहून आवडते. शाहू महाराजांच्या काळापासून कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याची परंपरा होती. तिथले चित्तेवान प्रसिद्ध होते. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा संस्थाननं आफ्रिकेतून आणवले. या शिकारीत काळविटाच्या कळपाजवळ जायचं कसं? उघडं माळरान, लपायला झुडूप नाही. तर बैलगाडीतून. बैल, गाडी, गाडीवान, वर बसलेली माणसं, डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता, सगळा लवाजमा दिवसाढवळ्या कळपाच्या जवळ जायचा. काळवीट रोज शेतकऱ्यांच्या गाड्या बघायचा, म्हणून पळायचा नाही. रायफलच्या नळीपेक्षा बैलगाडी किती मोठी! ती दिसते, कुरकुरते, तिला वास येतो. पण ओळखीची असते.

छत्तीसगडच्या बाजूला परत येऊ. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी मध्य प्रांतात होता. त्याचं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्यानं शिकारी रायफल आणि तिची गोळी यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे रान आणि हत्यार दोन्ही जाणणारा माणूस. त्याचा सगळा भर कशावर? मोठ्या बोअरवर, गोल गोळीवर, दारूच्या भरपूर मापावर आणि नळीच्या आतल्या आट्यांची वळणं सावकाश ठेवण्यावर. कारण इथल्या रानात नजर शे-सव्वाशे वारांच्या पलीकडे सहसा पोचत नाही. तेवढ्या अंतरात गोळी सरळ जावी आणि जनावर जागीच बसावं, हा त्याचा हिशेब. जखमी वाघ घेऊन संध्याकाळी झाडीत शिरावं लागलं तर काय होतं, हे त्याला ठाऊक होतं. नळीच्या बाहेरच्या रंगानं त्या प्रसंगात काडीचा फरक पडत नाही.

झिलईची कारागिरी बघायची तर लंडनच्या रायफली बघाव्यात. आणि त्यांतही एक सुंदर विरोधाभास आहे. १९०७ मध्ये कुमाऊंमध्ये जिम कॉर्बेटनं चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी धरले जातात. कॉर्बेटच्या रायफलला तीनच काडतुसं होती, ती संपली. वाघीण जखमी, पण उभी. तो धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला. ती इतकी जुनाट, की नळी आणि मागचा भाग यांच्यामध्ये चक्क फट होती. झाडलेली गोळी नेम धरला तिथं गेलीच नाही, पंजाला लागली. पण आधीच्या जखमांनी वाघीण संपली होती. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्याला बक्षीस दिली ती रिग्बीची .२७५ रायफल. उत्तम ब्लूइंग, दस्त्यावर कोरलेलं चांदीचं पदक. ती रायफल कॉर्बेटनं पुढं आयुष्यभर वापरली आणि तिच्यानं आणखी नरभक्षक मारले. म्हणजे चांदी चकाकत राहिली आणि काम होत राहिलं. शेवटची गोळी मात्र त्या फटवाल्या बंदुकीची.

तरी 'काहीच फरक पडत नाही' असं मी म्हणणार नाही. बघणारा डोळा कुणाचा, त्यावर अवलंबून आहे.

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. हरणांच्या डोळ्यात दोनच. तांबडा-नारिंगी त्यांना वेगळा दिसत नाही, हिरव्यातच मिसळतो. अमेरिकेतले शिकारी भडक नारिंगी जाकीट घालून हरणामागं जातात ते याच भरवशावर. जाकीट दुसऱ्या शिकाऱ्याला दिसावं म्हणून, हरणाला नाही. वाघाचं नारिंगी अंगही चितळाला गवतासारखंच दिसतं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये संगणकाच्या मदतीनं हेच तपासलं होतं. इथं भिलाईत मैत्री बाग आहे, तिथले पांढरे वाघ बघायला लांबून लोक येतात. १९५१ च्या मे महिन्यात रेवाच्या महाराजा मार्तंडसिंहांनी पकडलेल्या मोहन नावाच्या पांढऱ्या वाघाचे वंशज आज देशोदेशीच्या प्राणिसंग्रहालयांत आहेत. रानातला शेवटचा पांढरा वाघ १९५८ मध्ये मारला गेला. पिंजऱ्यापुढं उभं राहिलं की वाटतं, फिनिश चुकलेला जनावर तो हाच. हिरव्या रानात त्याला चितळानंही ओळखलं असतं.

पण वानर? त्याचे डोळे आपल्यासारखे, तीन रंगांचे. आणि पक्ष्यांचे आपल्यापेक्षा सरस, चार प्रकारच्या पेशींचे. सालाच्या शेंड्यावर बसलेला वानर, माळावरची टिटवी, मोर, रानकोंबडा ही रानाची संत्री मंडळी. चितळ स्वतः नळीची चमक बघून पळणार नाही कदाचित. पण नळी वळली, तिच्यावर उन्हाची एक रेघ सरकली, ती वानरानं बघितली आणि खेकसला, की खालचं अख्खं रान उठून जातं. गोल नळीवर उन्हाची रेघ पडते ती लांबच्या लांब, आणि नळी हलली की रेघ धावते. स्थिर चमक ओल्या पानावर, दगडावर, पाण्यावर कुठेही असते. धावती चमक रानात फार थोड्या गोष्टींची. तेव्हा चकाकीचा गुन्हा अर्धा हाताचा आहे. त्यातून नळीपेक्षा जास्त हलतात ते तोंड आणि हात, आणि घामेजलेला चेहरा किती चमकतो ते गस्तीवर पुढच्या माणसाकडे वळून बघा.

दस्त्याचंही तेच. अक्रोडाच्या लाकडावर जवसाचं तेल मुरवलेलं असेल तर ते मंद दिसतं. व्हार्निश मारलेलं असेल तर सपाट बाजू काचेसारखी उजेड फेकते. चमकणाऱ्या नळीबद्दल भांडणारे व्हार्निशच्या दस्त्याबद्दल बोलत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

आणि आवाज! घोडा चढवल्याची टक, पट्ट्याच्या कडीचा किणकिणाट, बूट खडकाला घासणं. मचाणावर अंधार पडताना शिकाऱ्याला भीती असायची ती याची. अंधारात झिलई कुणाला दिसते? उलट रात्री अडचण शिकाऱ्याचीच, त्याला स्वतःची माशी दिसत नाही. म्हणून लंडनचे बंदूकवाले नळीच्या टोकाला एक उघडमिटीची जास्तीची माशी देत, पांढऱ्या मिन्याच्या ठिपक्याची. चांदण्यात तो ठिपका वर करायचा. म्हणजे संपूर्ण रायफलीवर शिकारीच्या दृष्टीनं सर्वांत मोलाची झिलई कुठली, तर तो ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका.

या सगळ्या विद्येचा शेवट मात्र फार वाईट झाला, आणि तो याच राज्याच्या उत्तर टोकाला. सरगुजाचे महाराज रामानुज शरण सिंह देव यांनी आपण मारलेल्या वाघांचा आकडा १९६५ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांना पत्रानं कळवला होता: १,१५०. एका माणसाचे. आणि शेजारच्या कोरिया संस्थानचे राजे रामानुज प्रताप सिंह देव (नावं सारखी आहेत, माणसं दोन) यांनी १९४७ च्या डिसेंबरात रामगढजवळ तीन चित्ते मारले. रात्र होती, गाडीतून चालले होते, दिव्यांच्या उजेडात तीन नर जवळजवळ बसलेले दिसले. पहिल्या गोळीत एक; दुसरी गोळी दुसऱ्यातून आरपार जाऊन मागच्या तिसऱ्याला लागली. राजांच्या खासगी सचिवानं ही हकिकत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवली, तिथल्या नियतकालिकात ती छापली गेली, आणि संपादकांनी त्याबद्दल नापसंतीही नोंदवली. भारतातल्या चित्त्यांची शेवटची पक्की नोंद म्हणून हीच धरली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्यानंतर या मातीवर मोकळे चित्ते आले ते सप्टेंबर २०२२ मध्ये, कुनोत, नामिबियातून विमानानं.

मोटारीचा दिवा डोळ्यांवर पडला की जनावर जागीच खिळतं. त्या रात्री नळी निकेलची असती, सोन्याची असती, तरी काही बदललं नसतं. तोड्याच्या बंदुकीच्या शिकाऱ्याला वारा, पायवाट, वानर, टिटवी सगळं सांभाळावं लागायचं. गाडीतल्या माणसाला फक्त चाप. फिनिश बिनमहत्त्वाचं ठरलं ते अशा रीतीनं, आणि त्यात अभिमान वाटावा असं काही नाही.

मग फौजेनं चकाकी का घालवली? कारण आमचं सावज तीन रंग बघतं, विचार करतं आणि उलट गोळी झाडतं.

हे फौजेच्याही उशिरा लक्षात आलं. अठराव्या शतकात इंग्रजी पलटणींच्या मस्केटी पांढऱ्याशुभ्र घासलेल्या असत. शिपाई विटेची भुकटी घेऊन नळ्या घासत बसे. इतकं घासत, की नळ्या पातळ होत. ते युद्ध रांगेत उभं राहून, लाल डगल्यात, शंभर पावलांवरून व्हायचं, तिथं लपायचा प्रश्नच नव्हता. संगिनींची लखलख शत्रूला दिसावी अशीच इच्छा. झाडाआडून लढणाऱ्या रायफलवाल्यांना मात्र १८०० च्या बेकर रायफलपासूनच तपकिरी नळी आणि हिरवा डगला मिळाला. सगळ्या फौजेच्या नळ्या तपकिरी करण्याचा हुकूम १८१५ चा. घासण्यापासून शिपायाची सुटका झाली असेल असं वाटतं ना? परेडवाल्यांनी दुसरं काही तरी घासायला दिलंच असणार.

पुढचा धडा बोअर शेतकऱ्यांनी दिला. १८९९ च्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईत लांबून अचूक मारणाऱ्या बोअरांनी अधिकारी टिपायला सुरुवात केली, ते तलवार आणि बटणांच्या चमकेवरून. मग अधिकाऱ्यांनी तलवारी ठेवून शिपायांसारख्या रायफली घेतल्या, बटणांवर खाकी रंग चढला. पहिल्या महायुद्धात हेस्केथ-प्रिचर्ड या मोठ्या शिकाऱ्यानं १९१६ मध्ये फ्रान्समध्ये इंग्रजी फौजेची स्नायपर शाळा काढली, आणि स्कॉटलंडच्या हरणरानातले रखवालदार लोव्हॅट स्काउट्समध्ये होते, त्यांच्या चिंध्याचिंध्यांच्या पोषाखाचा आज जगभरच्या स्नायपरांनी कित्ता गिरवला आहे. शिकाऱ्याची विद्या फौजेत आली ती अशी. हरणासाठी जी खबरदारी थोडी जास्तच होती, ती माणसासाठी जेमतेम पुरली. आपल्या ईशापूरच्या अनेक .३०३ आणि नंतरच्या ७.६२ च्या बोल्ट रायफलींवर फॉस्फेट आणि वरून सरळ काळा रंग असायचा. दिसायला घराच्या खिडकीच्या गजासारख्या. ज्यांनी त्या पावसात वापरल्या त्यांनी कधी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

पाऊस म्हटला, की झिलईचं खरं काम समोर येतं: गंज. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथली हवा ओल्या टॉवेलसारखी असते. घामाच्या हातात मीठ असतं. रात्री पुसायचं राहिलं तर सकाळी नळीवर बोटांचे तांबूस ठसे. ब्लूइंग हे थोडं थोपवतं, तेलाशिवाय फार नाही. फॉस्फेट आणि तेल मिळून पुष्कळ.

रिसालीत आमच्या मागच्या गल्लीत एक मराठी काका राहतात. कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळ भंडाऱ्याकडचे. वडिलांच्या वेळची .३१५ परवान्यावर त्यांच्याकडे आहे. ही .३१५ खास आपली चीज. फौजेची .३०३ सामान्य माणसाला बाळगायला बंदी, म्हणून ईशापूरच्या कारखान्यानं त्याच घाटाची, पण वेगळ्या काडतुसाची रायफल नागरिकांसाठी केली. काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीची, बुडावर 'केएफ' ठसा. काकांनी एक दिवस विचारलं, "साहेब, नातवाचं लग्न आहे. बंदुकीला निकेल चढवून घेऊ का? बाजारात एक जण बफिंग करून देतो म्हणतो. चांदीसारखी दिसेल."

मी म्हटलं, "काका, आधी चष्मा लावा आणि नळीवर काय काय कोरलंय ते मला वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. नंबर, कारखान्याचं चिन्ह, बोअर, तपासणीचे ठसे. बफिंगच्या चाकाखाली हे सगळं पुसट होतं आणि दुसऱ्या हातात जातं. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ८ सांगतं की हत्यारावरचं नाव, नंबर, ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा. आणि खूण नसलेलं हत्यार सापडलं तर 'मी केलं नाही' हे सिद्ध करायची पाळी धन्यावर येऊ शकते. लग्नात चांदीसारखी दिसणारी रायफल पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ठाण्याच्या टेबलावर अडकली असती, आणि ऐंशीच्या घरातला माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढला असता. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वडिलांनी तिला कधी घासलं नाही. आम्हाला वाटायचं आळस."

मग नळीत उजेड धरून बघितलं. बाहेरून ब्लूइंग उडालेलं, कडांना पोलाद उघडं. तरी त्याची मला चिंता वाटली नाही. आत, कोठीच्या पुढं, बारीक खड्डे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याचं गोळी झाडल्यावर एक मीठ उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं. तेल त्याला विरघळवत नाही, पाणी विरघळवतं. म्हणून तर .३०३ च्या जमान्यात नळीत उकळतं पाणी ओतायचं वाकड्या तोंडाचं नरसाळं पलटणीत मिळायचं. कलाश्निकोव्हच्या नळीला आतून क्रोम असतो तो याच कारणानं. ती एकच चकाकी अशी, की जी कुणालाच दिसत नाही आणि जिच्यावाचून पावसाळ्यात निभत नाही.

काकांना मी जे लिहून दिलं ते इथंही देतो, कारण जुनी .३१५ घरात असलेले वाचणारे बरेच असतील. आधी रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री. काडतूस झाडलं असेल तर त्याच दिवशी, उद्या नाही, बोल्ट काढून मागच्या बाजूनं उकळतं पाणी, साधारण लिटरभर, दस्ता भिजू न देता. नळी गरम झाली की पाणी आपोआप सुकतं. मग कोरडी चिंदी, चार-पाच वेळा, पांढरी निघेपर्यंत. मग तेलाची चिंदी एकदा. बाहेर हात लागला तिथं तेलाचं फडकं, दस्त्याला वर्षातून दोनदा जवसाचं तेल, हातानं चोळून, व्हार्निश नाही. कापडी किंवा चामड्याच्या खोळीत कायम ठेवायची नाही, खोळ ओल धरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून बघायची. ब्लूइंग उडालंय तिथं ते उडालेलंच राहू द्यायचं.